आत्याबाईंचे पुरे मार्क

चुलीतली राख रोज काढली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंजळभर निघतेच. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईकडं किस्से तसेच साठतात. चारजणी भेटल्या की म्हणतात, "आक्का, ते म्हाताऱ्यांच्या परीक्षेचं सांगा की!" मी सांगते, त्या पोट धरून हसतात. शेवटचा किस्सा मात्र मी आजवर कुणाला सांगितला नाही. आज सांगून टाकते.

काष्टीच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या दवाखान्यात मी आया. बाहत्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला जात होतं, तेव्हा पुण्याहून एक तरुण डॉक्टरीणबाई जीप घेऊन आल्या. साठीच्या पुढच्या माणसांना किती आठवतं आणि किती विसरतं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. छापील फॉर्म, वीस प्रश्न, प्रत्येकाला मार्क! बरोबर गावातली बाई हवी म्हणून मला दिलं. फाल्गुनाच्या उन्हात आम्ही दोघी महिनाभर उंबरे झिजवले.

*

पहिल्याच घरात फजिती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवा. खुर्ची, छत्री, सफरचंद. थोड्या वेळानं विचारीन."

थोड्या वेळानं विचारलं. आजी आपली वाती वळत राहिली.

"एकही आठवत नाही?"

आजी म्हणाली, "बाई, ज्या घरात ह्या तिन्ही वस्तू असतील, तिथं जाऊन इचारा. आमच्यात पाटा, सूप आन् केरसुनी हाय. ती इचारा, मेल्यावर बी सांगीन!"

दुसऱ्या दिवसापासून फॉर्मवर पाटा, सूप, केरसुणी.

*

मग माळावरचा बिरोबा धनगर. शंभरातून सात वजा करत मागं यायचं, असा एक प्रश्न होता. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "ह्याला आकडे नकोत, मेंढरं विचारा."

त्यांनी विचारलं, "आजोबा, शंभर मेंढरं आहेत. त्यातली सात गेली. किती राहिली?"

म्हातारा ताडकन उभा राहिला. "कुठं गेली?"

"अहो, गेली असं समजा."

"समजा कसं? लांडग्यानं नेली का चोरानं?"

"ते महत्त्वाचं नाही, आजोबा. राहिली किती ते सांगा."

त्यानं काठी घेतली. "जी राहिली ती कुठं पळून जात्यात? सात हुडकाय नगं व्हय? तुमी बसा मोजीत!"

आणि खरंच चालू पडला! डॉक्टरीणबाई पेन्सिल धरून बघत राहिल्या. "आक्का, याला मार्क किती द्यायचे?"

मी म्हटलं, "पुरे द्या. ह्याच्याएवढी शुद्ध गावात दुसऱ्या कुणाला न्हाई."

*

आठवडाभरानं डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आक्का, काहीतरी भयंकर आहे. तुमच्या गावातली एकही म्हातारी नवऱ्याचं नाव सांगू शकत नाही. सगळ्यांना शून्य!"

मला हसू आवरेना. म्हटलं, "अहो, इसरल्या न्हाईत त्या. घेत न्हाईत!"

मग मी त्यांना एका म्हातारीचं उदाहरण दिलं. ती माझी सासू, एवढं मात्र सांगितलं नाही. आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो. सासऱ्यांचं नाव दगडू. सून म्हणून मीही ते तोंडानं घेत नाही, इथं लिहितेय ते तुम्हाला कळावं म्हणून. आत्याबाईंनी नाव तर सोडाच, उभ्या जन्मात 'दगड' म्हटलं नाही. दगडाला धोंडा. पायाला ठेच लागून रक्त आलं तरी "मेला धोंडा!" सासरे वारले तेव्हा वारसाच्या नोंदीसाठी तलाठ्यानं नवऱ्याचं नाव विचारलं, तर सकाळपासून दुपारपर्यंत चावडीत तोंड मिटून बसल्या. तलाठी म्हणाला, "आजी, आता ते गेले. आता कुणाची लाज?"

आत्याबाई म्हणाल्या, "ते गेलं. मी हाय न्हवं?"

शेवटी कोतवालानं नाव सांगितलं, तेव्हा उठल्या.

डॉक्टरीणबाई खूप हसल्या. म्हणाल्या, "मग असं करू. उखाण्यात घेतलं तरी मार्क, सरळ घेतलं तरी मार्क." त्यानंतर एकेक म्हातारी असे उखाणे घ्यायला लागली, की एका घरी तासभर मोडायचा!

*

गावात कुणीतरी उठवलं, की जो नापास होईल त्याला पुण्याला वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन टाकणार. झालं! घरोघरी कॉपी सुरू.

एका घरी आजोबा ओसरीवर बसलेले, सून दाराआड. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "महिना कोणता?"

दाराआडून बारीक आवाज, "फागून."

आजोबा म्हणाले, "फागून."

"वार?"

"बुधवार." आत बुधवार, बाहेर बुधवार.

"मुलं किती तुम्हाला?"

"चार," आजोबा आपल्या मनानं बोलले.

आतून घाईनं आवाज आला, "न्हाई वो मामंजी, पाच म्हना!"

आजोबा ताठ बसून खणखणीत बोलले, "न्हाई वो मामंजी, पाच म्हना!"

मी दार ढकललं आणि त्या सुनेला फैलावर घेतलं. "अगं, त्यास्नी बरं करायला आल्यात ह्या, धरून न्यायला न्हाई! तू कॉपी पुरवून कुनाचं भलं करतीस? लाज न्हाई वाटत?"

ती पदराचं टोक चावत उभी राहिली. डॉक्टरीणबाई तिला समजुतीनं म्हणाल्या, "ताई, काहींचं रक्त कमी असतं, काहींना दुसरा काही आजार असतो. तेवढ्यानंही विसरायला होतं. त्यांना औषधानं फरक पडतो. सगळ्यांना नाही पडत, पण आधी कळायला तर हवं. तपासणीला पुण्याला न्यायचं, चार दिवसांत परत आणून सोडायचं."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. घरी जाताना वाटभर तेच डोक्यात होतं.

*

बागायतदाराच्या घरी सांगितलं, "आजोबा सोनईला पोरीकडं गेल्यात." तेवढ्यात कडब्याच्या खोलीतून खोकला आला. मी कडी काढली. म्हातारा कडब्यावर बसलेला, अंगावर नुसती बंडी, ओठ सुकलेले.

माझं डोकं फिरलं. मी वाडीला ऐकू जाईल असं ओरडले, "माणसं हाय का कसाई? जित्या माणसाला कडी लावता? उद्या तुमाला लावत्याल तवा कळंल!"

घरातली माणसं खाली मान घालून उभी. थोरली सून तेवढी पुढं आली. भांडली नाही. हळूच म्हणाली, "आक्का, तुमच्या आत्याबाई लई दिसांत देवळात दिसल्या न्हाईत. बऱ्या हायत न्हवं?"

मी म्हटलं, "गुडघं दुखत्यात त्यांचं."

आमच्या दाराची कडी त्या सकाळी मीच लावून आले होते. बाहेरून.

*

तर आता शेवटचा.

आत्याबाई वर्षभर विसरत होत्या. जेवून हात धुतला की म्हणायच्या, "सूनबाई, जेवाया वाढ की." दोनदा ओढ्याकडं निघून गेल्या. एकदा नेसूचं सोडून अंगणात उभ्या राहिल्या, तेव्हा मी त्यांच्यावर हात उगारला. मारला नाही, पण त्या दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसल्या, ते आजही दिसतं. दवाखान्यातल्या आयाच्या घरात असं, हे गावाला कळू नये म्हणून मी कडी लावायला लागले.

यादीत त्यांचं नाव होतं. मी ते रोज पुढं ढकललं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या शेवटचं घर तुमचं. जीपमधून पाचजण नेतेय. एक जागा आहे अजून."

त्या संध्याकाळी मी आत्याबाईंना पुढ्यात घेऊन बसले. लोकांच्या सुनांची लाज काढणारी मी! "उद्या शनवार. म्हना." "शनवार." "फागून." "फागून." "पाटा, सूप, केरसुनी." चुकल्या की मी ओरडायचे. बरोबर आलं की त्या माझ्याकडं बघून विचारायच्या, "बरुबर हाय का गं?" मी "बरुबर" म्हटलं, की लहान पोरीसारख्या हसायच्या.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. मी आत्याबाईंना नवं लुगडं नेसवून खाटेवर बसवलं होतं.

"आजी, वार?"

"शनवार." माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"महिना?"

"फागून."

"तीन वस्तू सांगते. पाटा, सूप, केरसुणी. लक्षात ठेवा हं."

मग मुलं, नातवंडं. सगळं घोकलेलं. वस्तू विचारल्या, त्याही एका दमात सांगितल्या. डॉक्टरीणबाई भराभर मार्क मांडत होत्या. मला आतून वाटत होतं की एक तरी चुकावं. एक तरी चुकलं, तर मी सगळं सांगून टाकीन.

"आता शेवटचा. नवऱ्याचं नाव? उखाण्यात घ्या हवं तर."

हा प्रश्न मी घोकून घेतला नव्हता. घ्यायची गरजच वाटली नव्हती.

आत्याबाईंचा पदर डोक्यावरून घसरला होता. त्यांनी तो सावरला नाही. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्याला डोळा देऊन सरळ म्हणाल्या, "दगडू."

आणि पुन्हा, मोठ्यानं, "दगडू!"

डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. "वा आजी! अख्ख्या गावात तुम्ही पहिल्या. न लाजता सांगितलंत. पुरे मार्क!" माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आक्का, सासूबाई ठणठणीत आहेत हो तुमच्या. उगाच मागं ठेवलंत यांना." आणि फॉर्म मिटला.

बाहेर जीप सुरू झाली.

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या.

"बरुबर हाय का गं?"

मी म्हटलं, "बरुबर हाय, आत्याबाई."