तीन डोळ्यांचा तांबडा

आमच्या घरात रंगाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असतो, कारण आखाडा बाळापुरात मॅचिंग सेंटर चालवणारी आमच्या घरात मी एकटीच आहे.

गिऱ्हाइकानं साडी काउंटरवर टाकली की मी मान वर न करता मागच्या फळीवरून ब्लाउजपीस ओढते. राणी वेगळा, डाळिंबी वेगळा, गाजरी तर त्याहून वेगळा. चिंतामणी आणि मोरपंखी यांतला फरक ज्याला कळत नाही अशा माणसाशी (म्हणजे माझ्या नवऱ्याशी) मी इतकी वर्षं संसार करते आहे, तो निव्वळ माझ्या गरीब स्वभावामुळे. म्हणून आमची सहावीतली गौरी एका रविवारी दुपारी म्हणाली, "आई, मला रंगावरून गट पाडायचेत, जरा सांग ना," तेव्हा मी हातातली कात्री बाजूला ठेवली आणि पदर खोचला. मी तेव्हाच पडून झोप काढली असती तर पुढचं काही झालं नसतं.

शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी वर्गीकरणाचा प्रकल्प दिला होता. काहीही घ्यायचं, एका गुणावरून त्याचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला मराठी नाव द्यायचं. बाकीच्या पोरींनी पानं घेतली, डाळी घेतल्या. आमच्या कन्येनं वडिलांच्या मोबाइलमधल्या खेळातले राक्षस घेतले. वारंगा फाट्यावर तिच्या वडिलांचं टायरचं दुकान आहे, तिथून त्यांनी या मंडळींची रंगीत चित्रं छापून आणली होती. कुणाला शिंगं, कुणाला पंख, एकाच्या शेपटीला जाळ, तर एकाला नुसतंच पोट. गौरीनं सगळे कापून सतरंजीवर मांडले.

"ह्याचा रंग काय?" मी विचारलं.

"जांभळा."

"डोळे तपासून घे. हा वांगी आहे. आणि हा त्याच्या शेजारचा अंजिरी."

"मग दोघं एका गटात न्हाई घालायचे?"

"अंजिरी साडीवर वांगी ब्लाउज घालून जाशील का कुणाच्या लग्नाला?"

गौरीनं दोघांना वेगळं ठेवलं. माझा हात मग सुरू झाला. हा आमसुली, हा मेहंदी, हा शेवाळी, हा पोपटी, हा श्रीखंडी. मी रंगात आले होते. (हा शब्द मी मुद्दाम वापरलेला नाही, पण राहू दे.) शेवटी गौरीनं मोजून पाहिलं तर जितके राक्षस तितके गट झाले होते. एका गटात एक जण, तोही पाय पसरून बसलेला.

"आई, ह्याला वर्गीकरण न्हाई म्हणत," गौरी म्हणाली. "ही हजेरी झाली."

ओसरीवरून खाकरल्याचा आवाज आला. तिथे आमचे मामा बसलेले असतात. मामा म्हणजे माझे सासरे, गावाचे नाना. त्यांचा सगळा जन्म बैलांच्या व्यापारात गेला. बैल दुरून दिसला की वय, चाल आणि मालकाची नियत, तिन्ही सांगायचे. पुढे गुडघे गेले आणि बाजार सुटला. तेव्हापासून माणूस कोमेजल्यासारखा झाला होता. दिवसभर बसून रस्त्यावरचे ट्रॅक्टर मोजायचे.

आणि यंदा शेजारच्या गावच्या यात्रेतून बोलावणं आलं. तिथे जनावरांचं प्रदर्शन भरतं, आणि कमिटीनं मामांना पंच म्हणून नेमलं होतं. त्या दिवसापासून मामा ताठ बसायला लागले. फेटा धुऊन इस्त्रीला गेला. सरावासाठी म्हणून ते गल्लीतल्या शेळ्यांना येता-जाता नंबर देऊ लागले. खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. घरात म्हातारं माणूस नुसतं असणं वेगळं आणि त्याला कुणीतरी बोलावणं वेगळं.

"आण इकडं," मामा म्हणाले. "जनावरं हायेत ना? मग तिला कशाला इचारती?"

गौरीनं गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. मामांनी चष्मा लावला आणि पत्ते वाटावेत तसे राक्षस वाटायला सुरुवात केली.

"ह्यो तांबडा. ह्यो बी तांबडा. ह्यो ढवळा. ह्यो बांडा."

"आबा, बांडा म्हंजे काय?"

"अंगावर पांढरे पट्टे. शाळेत एवढं बी शिकवून न्हाई राहिले?" मामांनी पुढचं चित्र उचललं. "ह्यो काळा."

"आबा, तो निळा हाये."

"निळं जनावर नसतंय, बाई. काळंच हाये, उन्हात उभं हाये."

"आणि हा हिरवा?"

"ढवळा. चाऱ्यात लोळलाय."

मला राहवेना. "मामा, तो ढवळा कसा? तो चक्क पोपटी आहे. आणि हा तुम्ही तांबड्यात टाकलेला श्रीखंडी आहे."

"श्रीखंड खायाचं असतंय, सुनंदा," मामा शांतपणे म्हणाले, आणि तो तांबड्यातच राहिला.

चहा होईपर्यंत सगळे राक्षस चार ढिगांत बसले. तांबडा, ढवळा, काळा, बांडा. गौरी खूश. नावं मराठी, गट मोजके. आता प्रत्येक चित्राखाली लावायला छापील पट्ट्या हव्या होत्या, आणि छपाईची सोय फाट्यावर. तेव्हा मी डोकं चालवलं. म्हटलं, मामा एकेका राक्षसाचं वर्णन बोलतील, ते आवाजातच पाठवून देऊ, हे तिकडे बसून पट्ट्या छापून आणतील. माझा मोबाइल चार्जिंगला होता, म्हणून मामांचा घेतला.

आता ऐका. आमच्या ह्यांनी व्हॉट्सॲपवर स्वतःचा फोटो म्हणून पोळ्याचा फोटो लावला आहे. त्यात बैल पूर्ण दिसतो आणि हे एका कानापुरते दिसतात. मामांचा मोबाइल उघडला, सगळ्यात वर बैल दिसला, मी दाबला. त्याच्या खाली आणखी एक बैल होता आणि माझा नवरा तो होता, हे मला नंतर कळलं. वरचा बैल म्हणजे व्यापाऱ्यांचा ग्रुप. कळमनुरीपासून औंढ्यापर्यंत ज्याच्या ज्याच्या हातून कधी बैलाचा कासरा गेला, तो प्रत्येक जण त्यात होता.

मामा मोबाइलमध्ये बोलतात ते बाजारात बोलल्यासारखं. तिकडचा माणूस फाट्यावर आहे, म्हणजे आवाज फाट्यापर्यंत गेला पाहिजे, असा त्यांचा हिशोब.

"तांबडा. कपाळाला चांद. डोळे तीन. शेपटीला जाळ. दातानं कोवळा हाये."

"काळा. उन्हात उभा. पाठीला पंख, पर खांदा मजबूत."

"बांडा. पाय न्हाईत. चालीला हलका."

"ढवळा. नुसतं पोट. वशिंड खाली उतरलंय, पर तोंड गरीब."

मी एकेक पाठवत गेले. संध्याकाळी हे रिकाम्या हातानं आले. "मला कायबी आलं न्हाई," म्हणाले. मी रेंजला शिव्या दिल्या. गौरीनं हातानंच पट्ट्या लिहिल्या आणि सकाळी लवकर उठून चित्रं चिकटवत बसली.

ती चिकटवत असतानाच दारात पिकअप थांबली. औंढ्याकडचा एक व्यापारी उतरला. मी आत चहा टाकत होते. आता गुरांच्या बाजारात पूर्वीपासून भाव रुमालाखाली ठरतो, हे तुम्हाला माहीत असेल. दोघं हात रुमालाखाली घालतात, बोटं दाबतात, आणि शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. अशा माणसांच्या कानावर मामांसारख्या जाणकाराचा आवाज पडला, तीन डोळे, शेपटीला जाळ, पाय नाहीत. त्यातल्या अर्ध्यांनी ठरवलं की नाना पुन्हा धंद्यात उतरले आणि ही नवीन खूण काढली आहे.

"नाना," तो व्यापारी हळूच म्हणाला, "डोळे तीन, ते समजलं. चांद बी समजलं. पर शेपटीचा जाळ काय ध्यानात येऊन न्हाई राहिला."

मामांना वाटलं, गावभर नातीच्या प्रकल्पाची चर्चा चालू आहे. ते कौतुकानं म्हणाले, "ते पोरीला इचार. सगळे तिच्याकडंच हायेत."

व्यापाऱ्यानं आमच्या गौरीकडे पाहिलं. गौरीच्या नाकाला डिंक लागला होता.

"लेकी, शेपटीला जाळ म्हंजी काय समजावं?"

"म्हंजी त्याची लेव्हल वाढली," गौरी मान खाली घालून म्हणाली.

"बराबर," तो म्हणाला. मग आदरानं विचारलं, "आन पाय न्हाईत तो?"

"तो पाण्यात टाकला की लई पळतो."

व्यापारी चहाला न थांबता गेला. गौरी चित्रं घेऊन शाळेत गेली. मला हे सगळं जरा विचित्र वाटलं, म्हणून मी मामांचा मोबाइल उघडला. एकानं लिहिलं होतं, 'फोटो टाका.' एकानं, 'तीन डोळेवाला राखून ठेवा.' आणि बाकी सगळ्यांनी, 'नानाची तब्येत बरी हाये का?' ही ती उरलेली अर्धी मंडळी. त्यांच्या मते नानांच्या डोक्यावर परिणाम झाला होता.

दुपारी ह्यांचा फाट्यावरून फोन आला. "तू काय उद्योग केलास? कमिटीचे मारोतराव येऊन राहिले घरी. दुसरा पंच बघून ठेवलाय म्हणे."

मी ओसरीवर पाहिलं. मामा इस्त्रीचा फेटा मांडीवर घेऊन त्याची घडी नुसतीच हातानं चेपत होते. मला रडूच आलं. माझ्या एका बोटानं या माणसाचं बोलावणं जाणार होतं. त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. मी ठरवलं, मारोतरावांना मीच समजावून सांगायचं, स्पष्ट आणि सविस्तर.

मारोतराव आणि कमिटीतले आणखी एक गृहस्थ चारच्या सुमाराला आले. आजाऱ्याला भेटायला यावं तसे चपला न वाजवता आले. केळी आणली होती.

"नाना, कसं काय?" मारोतराव मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाले. "आज वार कोणता हाये?"

"सोमवार," मामा म्हणाले. "काहून?"

"काय न्हाई, काय न्हाई. नाना, बैलाला डोळे किती असतात?"

मामांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी मारोतरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दोन, मारोतराव. दोनच असतात. तुमी बसा निवांत. सुनंदा, ह्यांना पाणी आण गं आधी."

मी पाणी घेऊन आले ती बोलतच आले. "मारोतकाका, मामांचं काही चुकलेलं नाही. ते बैल नव्हतेच. ते राक्षस होते."

दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"राक्षस," मारोतराव म्हणाले.

"हो. गौरीचे. काल दुपारी सगळे इथेच सतरंजीवर बसले होते."

"आता कुठं हायेत?"

"शाळेत गेले सकाळी."

दुसरे गृहस्थ खुर्ची जरा मागे सरकवून बसले. मला वाटलं, नीट समजत नाही यांना, अजून उलगडून सांगावं. "म्हणजे राहतात मोबाइलमध्ये. ह्यांच्या. पण मोबाइल फाट्यावर आहे, नाहीतर आत्ता दाखवले असते. आणि मामांनी ज्याला काळा म्हटलं ना, तो काळा नाहीच मुळी. मी स्वतः उजेडात धरून पाहिलाय. चिंतामणी आहे तो! अस्सल चिंतामणी. चिडला की मात्र अंजिरी होतो."

"चिडला की," मारोतराव म्हणाले.

"पंख फडफडवतो आणि होतो. आणि तांबड्यात एक श्रीखंडी घुसलाय, त्यानं माझा जीव खाल्लाय कालपासून. कुणी ऐकूनच घेत नाही माझं."

बोलता बोलता माझा आवाज थोडा चढला असेल. रंगाच्या बाबतीत चढतो.

"सुनंदा," मामा समजुतीनं म्हणाले, "काळाच हाये तो. उन्हात उभा हाये."

"नानांचं बराबर हाये, बाई," मारोतराव घाईघाईनं म्हणाले. "काळाच असंल. तुमी बसा. केळं खा."

मग त्यांनी मामांचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, "नाना, यात्रेच्या दिशी गाडी पाठवतो. पंच तुमीच. दुसऱ्या कुणाचं काम न्हाई हे." मामांनी फेटा उचलून छातीशी धरला. मी पदरानं डोळे पुसले. माझ्या स्पष्ट बोलण्यानं एका माणसाची इज्जत वाचली, असं मला वाटलं.

पाहुण्यांना पोचवायला मी फाटकापर्यंत गेले, तर तेवढ्यात हे फाट्यावरून धावतपळत येऊन गाडी लावत होते. मारोतरावांनी ह्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि बाभळीच्या आडोशाला नेलं. पण गुरांच्या बाजारात वाढलेल्या माणसाची कुजबुज ती. मला सगळी ऐकू आली.

"नानाचं डोकं टकाटक हाये. देवमाणूस. सुनेचं झाकायला म्हणून सगळं आपल्या अंगावर घेतलं त्यानं, आमी काय न समजणारे हाव का? तू असं कर, तिला नांदेडला एकदा दाखवून आण."

मी फाटकाशीच कान देऊन उभी राहिले. इतक्या वर्षांचा संसार, आता हे माझी बाजू घेतील आणि सगळा घोटाळा समजावून सांगतील, याची मला खात्री होती.

ह्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "व्हय काका. मला बी लग्नापासूनच डाऊट हाये."