गैरहजराच्या गळ्यात एआय

आमच्या स्टाफरूमचं कपाट गेली कित्येक वर्षं नीट बंद होत नाही. आत तुटके कंपास आहेत, जुनी हजेरीपुस्तकं आहेत आणि कोणाचा तरी विसरलेला डबा आहे. किस्से ठेवायला मात्र जागा लागत नाही, म्हणून ते वाढतच जातात. बडोद्यातल्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवते. गेल्या दोन वर्षांतले आमचे निम्मे किस्से एआयचे आहेत, आणि त्या सगळ्यांत निमकर सर आहेत.

*

सरकारचं पत्रक आलं : शाळेत मुलांना एआय शिकवा, दहा कॉम्प्युटर देतो. अट एकच. एक ‘नोडल शिक्षक’ नेमायचा, त्याने दर आठवड्याला तास घ्यायचा. शिक्षक नसेल तर कॉम्प्युटर दुसऱ्या शाळेला जातील. मराठी माध्यमाची पटसंख्या दरवर्षी घटते, त्यामुळे आमच्याकडे नवीन काही येतच नाही. आलेलं जाऊ द्यायचं नाही, एवढं सगळ्यांना पटलं. ते करायचं कोणी, हे मात्र कोणालाच पटेना.

आमच्या शाळेची एक रीत आहे. नको असलेलं काम त्या दिवशीच्या मीटिंगला जो गैरहजर असेल त्याला मिळतं. मुख्याध्यापिका शितोळे बाईंनी विचारलं, “आज कोण नाही?”

संस्कृतचे निमकर सर नव्हते. अर्ध्या दिवसाची रजा असली तरी ते सुंदर अक्षरात अर्ज देतात आणि कारण खरं तेच लिहितात. त्या दिवशी लिहिलं होतं, ‘कारण : दाढ’. दुपारी तोंडात कापूस धरून ते परत आले, तेव्हा आम्ही त्यांचं अभिनंदन केलं. नाही म्हणायला त्यांना तोंडच उघडता येईना!

*

ट्रेनिंग शहरातल्या गोत्री भागात होतं. ट्रेनर गुजरातीत बोलत होता, पडद्यावर इंग्रजी होतं आणि निमकर सर वहीत मराठीत उतरवून घेत होते. ट्रेनरने आग्रह केला की मशीनला काहीही लिहायला सांगा. सरांनी एका दिवसाच्या रजेचा अर्ज मागितला.

मशीनने अर्ज झकास लिहिला. काल रात्रीपासून मला ताप असल्याने, वगैरे. सरांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

“मी कारण सांगितलंच नव्हतं. ताप यानं स्वतःच आणला.”

ट्रेनर हसला, सर हसले नाहीत. सोमवारी त्यांनी फळ्यावर पहिला धडा लिहिला : ‘हा न विचारलेलंही ठामपणे सांगतो. तपासून घ्या.’

*

कॉम्प्युटर आले. शितोळे बाईंनी त्यांची पूजा केली, नारळ फोडला आणि खोलीला कुलूप लावलं. मुलांनी हात लावला आणि बिघडले तर काय, अशी त्यांना धास्ती. किल्ली शिपाई मंगूभाईंच्या कमरेला. महिनाभर निमकर सर एआय फळ्यावर शिकवत होते. सातवीतली ऋचा तर वहीच्या पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर टाइप करायची.

शेवटी सरांनी अर्ज दिला. ‘उद्यापासून एआयच्या तासाला रजा हवी. कारण : कुलूप.’ त्याच दिवशी खोली उघडली. कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिक मात्र अजूनही निघालेलं नाही.

*

मग मशीनला भाजी ओळखायला शिकवायचं ठरलं. मुलं खंडेराव मार्केटला जाऊन वांग्यांचे आणि कारल्यांचे ढीगभर फोटो घेऊन आली. ते दाखवून दाखवून मशीनला तयार केलं आणि नेमके तपासणीला साहेब आले. प्रयोग फसला तर कॉम्प्युटर जाणार होते.

शितोळे बाईंनी कौतुकाने कॅमेऱ्यासमोर हात केला, “बघा साहेब, इथं भाजी धरायची.” भाजी अजून पिशवीतच होती. स्क्रीनवर अक्षरं उमटली : वांगं.

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून स्वतःचा हात पुढे केला. स्क्रीनवर आलं : कारलं.

ऋचा उठून उभी राहिली. “साहेब, त्याचं काही चुकलं नाही. आम्ही चुकीचं शिकवलं. वांगी विकणाऱ्या मावशींनी प्रत्येक वांगं हातात धरून दाखवलं, त्यांच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. बाईंच्याही हातात आहेत. ते बांगड्यांना वांगं समजतंय. त्याला भाज्या दोनच माहीत, म्हणून बांगड्या नसल्या की कारलं.”

साहेब बाईंकडे वळून म्हणाले, “बेन, तमे वांगुं ने हुं कारेलुं. कॉम्प्युटर अहीं ज रहेशे.” म्हणजे बाई वांगं, ते स्वतः कारलं आणि कॉम्प्युटर इथेच राहणार.

निमकर सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. ते डोळे पुसत होते हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

*

यंदा उन्हाळ्यात निमकर सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं.

जूनच्या पहिल्या मीटिंगमध्ये प्रश्न पुन्हा उभा राहिला. नोडल शिक्षक कोण? आठवड्याच्या आत नाव कळवलं नाही तर कॉम्प्युटर जाणार होते. त्या दिवशी हजेरी पूर्ण होती. ज्यांच्या घरी लग्न होतं तेही आले होते आणि मी तर तापातच आले होते, खऱ्या तापात. मशीनसमोर उभं राहून मुलांना ‘तपासून घ्या’ म्हणण्याची हिंमत आमच्यापैकी एकातही नव्हती, हे कबूल करते.

शितोळे बाईंनी बराच वेळ पेन हातात फिरवलं. मग सवयीने विचारलं, “आज कोण नाही?”

दाराशी उभे असलेले मंगूभाई हळूच म्हणाले, “निमकर साहेब नथी, बेन.”

बाईंनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि रजिस्टरमध्ये नाव लिहिलं. मंगूभाई त्याच दुपारी सायकलने गोत्रीला सरांच्या घरी गेले. तासाभराने एक कागद घेऊन परतले. अक्षर तेच, सुंदर.

‘आजच्या मीटिंगला गैरहजर राहिल्याबद्दल क्षमस्व. कारण : निवृत्ती. उद्यापासून रुजू होत आहे.’