अंगण खरंच वाकडं होतं

सरावाच्या तिसऱ्या दिवशी आठांपैकी तीन नाचणारे नडगीवर बर्फाच्या पिशव्या धरून भिंतीला टेकून बसले होते, आणि मी त्यांना समजावत होतो की जमीन एकदम पक्की आहे.

"पक्की आहे ते कळतंय, काका," वैजयंती म्हणाली. "तेच दुखतंय."

माझ्या मनात आलं ते तोंडातूनही गेलं. ही माझी जुनी खोड. "नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं.

भोपाळचा अंकुर हसला, कारण ही म्हण हिंदीतही आहे. मणिपूरच्या रोमिताने त्याला अर्थ विचारला. त्याने सांगितला. ती हसली नाही. तिने बर्फाची पिशवी एका पायावरून उचलून दुसऱ्या पायावर ठेवली.

मला तेव्हा रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. नोकरी सगळी रोह्याच्या एमआयडीसीत. साइट इंजिनिअर. म्हणजे ड्रॉइंगवर जे आहे ते जमिनीवर उभं करून घ्यायचं, आणि मिस्त्री, ठेकेदार, साहेब या तिघांच्याही शिव्या खायच्या. शेड, टाक्या, मशीनची फाउंडेशन, फरशा. फरशीच्या कामात माझा दरारा होता. लाकडी दांडक्याने प्रत्येक लादी ठोकून बघायचो. टणक आवाज आला तर पास. पोकळ वाजली की उखड. कुणाची गय नाही. उगाच नाही आपल्याकडे म्हणत, बडा घर पोकळ वासा. पोकळ म्हणजे चुकलेलं काम, एवढं साधं माझं शास्त्र.

वैजयंती पेणच्या खाडीकडची. घरी मिठागराचं काम. सतराव्या वर्षी नाच शिकायला म्हणून बंगळुरूला गेली आणि चाळिशीत परत आली ती एक विचित्र बेत घेऊन. निडी स्टेशनपासून थोड्या अंतरावर भाताची एक गिरणी बरीच वर्षं बंद पडली होती. ती तिने भाड्याने घेतली. देशातल्या कुठल्याही नाचणाऱ्याने इथे यावं, दोन महिने राहावं, आपलं नवीन काम तयार करावं. जेवण आणि झोपायची सोय तिच्याकडे. माझ्या पुतण्याने माझं नाव सुचवलं, म्हणून रोह्याशेजारच्या अष्टमी गावात माझ्या घरी आली.

"कसला नाच?" मी विचारलं.

"कंटेम्पररी."

"म्हणजे लावणी नाही, भरतनाट्यम नाही?"

"नाही."

"मग आहे काय?"

तिने मोबाईलवर एक तुकडा दाखवला. एक माणूस पडत होता, उठत होता, परत पडत होता. गाणं नाही, दागिने नाहीत, देवबिव काही नाही. मी पुरता बघितला. खोटं कशाला सांगू, मला ते बघवेना आणि सोडवेनाही.

"पडणं हेच याचं काम?"

"पडून लागू न देणं हे काम. त्यासाठीच तुमच्याकडे आलेय. मला जमीन करून द्या."

मग तिने सांगितलं. या लोकांना सरावाला जागा मिळते ती लग्नाच्या हॉलची किंवा शाळेच्या शहाबादी फरशीची. तिशीत गुडघे जातात. तिच्या स्वतःच्या डाव्या नडगीला एकोणतिसाव्या वर्षी चीर गेली. पडून नव्हे, मार लागून नव्हे, रोज कडक फरशीवर उड्या मारून. दोन वर्षं घरी बसली. त्यानंतर तिने नाच बसवले, शिकवले, पण पूर्ण उडी अशी परत मारली नाही. "मला झालं ते झालं," ती म्हणाली. "ही पोरं-पोरी तरी पन्नाशीपर्यंत नाचली पाहिजेत."

ड्रॉइंग तिने बंगळुरूच्या एका मित्राकडून आणलं होतं. त्याला म्हणतात स्प्रंग फ्लोअर. खाली काँक्रीट. त्यावर रबराचे छोटे ठोकळे. ठोकळ्यांवर लाकडी पट्ट्या आडव्या, त्यांवर उभ्या. वर प्लायवूडचे दोन थर, आणि सगळ्यात वर काळं व्हिनाईल, म्हणजे पाय घसरतही नाही आणि अडकतही नाही. काँक्रीट आणि प्लायच्या मधे अडीच-तीन इंच रिकामी जागा राहते.

ही रिकामी जागा माझ्या डोक्यात खडा होऊन बसली.

कोकणात लाकडाखाली पोकळी ठेवायची म्हणजे वाळवीला जेवायला बोलवायचं. मागोमाग उंदीर, उंदरामागे फुरसं. इक्बालभाई सुतार माझा जुना माणूस, पट्ट्या बसवत होता. त्याला म्हटलं, प्लाय मारायच्या आधी मधे वाळू भर, चांगली ठासून, वाळवीचं औषध मारून.

तो म्हणाला, "साहेब, ड्रॉइंगमधी पोकळ दाखवलंय."

"ड्रॉइंग बंगळुरूचं आहे. तिथे आपल्यासारखा पाऊस पडतो का?"

इक्बालभाई वाद घालत नाही. तो कानावरची पेन्सिल काढतो, बघतो आणि परत कानावर ठेवतो. तशी ठेवली. वाळू भरली. वैजयंती तेव्हा दिल्लीला गेली होती. परत आल्यावर तिला सांगायचं मला सुचलंही नाही, कारण मी तिचं कामच वाढीव करून दिलं होतं. दांडक्याने ठोकून बघितलं. कुठेही पोकळ नाही. मी खूश.

आणि आता ही बर्फाची मंडळी.

घाई अशी होती की बरोबर बारा दिवसांनी दिल्लीहून दोन जण या आठ जणांचा नाच बघायला येणार होते. देशभरातलं असलं काम एका ठिकाणी दाखवणारा एक महोत्सव होता, त्यासाठी निवड. तिथे गेलं तर ठिकठिकाणची थिएटरवाली माणसं बघतात, पुढची बोलावणी येतात. नाही गेलं तर हे आठ जण पांगणार. अंकुर शाळांच्या गॅदरिंगचे नाच बसवायला, रोमिता जिममधे. वैजयंतीने मला हे रडगाणं म्हणून सांगितलं नाही, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

"दुखत असेल तर थोडं हळू करा," मी म्हटलं.

"तेच करतायत. त्याला मार्किंग म्हणतात. उडी मारायची नाही, नुसती दाखवायची. पण दिल्लीवाले मार्किंग बघायला येत नाहीत."

आमच्याकडे मार्किंग म्हणजे चुन्याची रेघ. म्हटलं, चला, एक शब्द नवीन शिकलो.

दुपारी वैजयंतीची आई आली. जनाबाई तिचं नाव, पण सगळे नाचणारे तिला आय म्हणायचे. तांदळाच्या भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन ती पेणहून एक दिवसाआड यायची. डबा ठेवला, चपला काढल्या आणि काळ्या व्हिनाईलवरून चालत गेली. मधेच थांबली. टाच हलकेच आपटली.

"साहेब, या जमिनीला आवाज नाय."

"आवाज नाही तेच चांगलं, आय. भरीव आहे."

"व्हय का?" तिने परत टाच आपटली. "मिठागरात आमी वाफे तुडवायचो. घट्ट होईस्तवर, पायांनी. ओली जमीन हाय तवर पाय धरते. सुकली का पायालाच मारते. ही सुकलेली हाय." मग लेकीकडे वळली. "गो वैजू, यावर नाचू नको हां तू."

वैजयंतीने माझ्या बुटांकडे बघितलं. मला म्हणाली, "काका, उडी मारा."

"मी?"

"बूट काढा आणि मारा."

मी त्रेसष्ट वर्षांचा माणूस. पण सगळे बघत होते. मारली. उडी कसली, चार बोटं वर गेलो असेन. खाली आलो तेव्हा दात एकमेकांवर वाजले आणि कळ टाचेतून निघून थेट मानेत गेली.

मग तिने मला लाकडी जिन्याने वर नेलं. गिरणीचा जुना माळा, जिथे पूर्वी भाताची पोती ठेवत. ऐनाच्या फळ्या, खाली लांब तुळया. "आता इथे," ती म्हणाली.

मारली. फळी जरा दबली आणि तिने मला परत वर ढकललं. दात वाजले नाहीत. खरं सांगतो, मी आणखी दोन मारल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

सवयीने वाकून बोटाने फळी ठोकली. पोकळ. अगदी ढोलासारखी पोकळ.

"काका, तुम्ही कंपनीत कॉम्प्रेसर बसवायचात ना? त्याच्याखाली काय घालायचात?"

"रबरी पॅड. नाहीतर कंपनं उलटी जातात."

"पॅड जमीन वाचवायला की मशीन वाचवायला?"

"दोन्ही. पण मुख्य म्हणजे मशीन. बेअरिंग जातात."

हे बोललो आणि पुढचं वाक्य तिला बोलावं लागलं नाही. आयुष्यभर मी लोखंडाच्या हाडांची काळजी घेतली, आणि इथे हाडामासाच्या माणसांखाली आठ ब्रास वाळू ठासून ठेवली होती. रबराचे ठोकळे आत होते, पण चारी बाजूंनी गाडलेले. दबणार कुठे?

खाली आलो. इक्बालभाई दारापाशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पेन्सिल काढली. वाळूची गोष्ट जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होती. मला सहज म्हणता आलं असतं की ड्रॉइंगच चुकलं, किंवा ठोकळे कडक आले. लाज वाटत होती, चांगलीच वाटत होती. रोमिता भिंतीशी बसून नडगीवर अंगठा दाबून बघत होती, कुठे दुखतं ते. दाबायची, तोंड वाकडं करायची, एक बोट खाली सरकून परत दाबायची.

"वैजयंती," मी म्हटलं, "खाली पोकळी नाही. मी वाळू भरली आहे. तुला न विचारता."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "का?"

"वाळवी लागेल म्हणून."

"काका, मला विचारायचं तरी. एका फोनचं काम होतं."

"हो."

"माझी नडगी अशीच गेली. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"हो," मी म्हटलं. यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उखडायला सुरुवात केली. व्हिनाईल गुंडाळलं. प्लायचे स्क्रू काढले, पट्ट्या नंबर घालून बाहेर ठेवल्या. मजूर दोनच मिळाले, बाकीचे भाताच्या कापणीवर. मग आठही नाचणारे रांगेत उभे राहिले आणि घमेली हातोहात बाहेर जायला लागली. मी साइटवर हजारो घमेली जाताना बघितली, पण अशी नाही. कुणीही कमरेतून वाकत नव्हतं. गुडघे दुमडायचे, घमेलं पोटाशी घ्यायचे आणि अख्खं अंग वळवून पुढच्याच्या हातात ठेवायचे. ज्यांच्या नडग्या दुखत होत्या त्यांना आयने बसवून रबराचे ठोकळे पुसायला लावले. मजुरांपैकी एक जण म्हणाला, "हे लोक काय काम करतात?" मी म्हटलं, "पडतात." त्याला ते पटलं नाही.

वाळवीची भीती मात्र खोटी नव्हती, आणि हे वैजयंतीनेही मान्य केलं. म्हणून यावेळी मी तिला विचारलं. कडेने बारीक जाळी लावली, हवा खेळेल आणि उंदीर शिरणार नाही अशी. एका कोपऱ्यात झाकण ठेवलं, महिन्यातून एकदा टॉर्च मारून आत बघायला. तिने ड्रॉइंगवर स्वतःच्या हाताने लाल पेनने लिहिलं, "पोकळ ठेवणे. कुणीही कितीही प्रेमाने सांगितलं तरी भरू नये." ते 'प्रेमाने' मला जरा लागलं. लागायलाच हवं होतं.

सहाव्या दिवशी जमीन तयार झाली. मी दांडकं घेऊन ठोकत फिरलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत पोकळ. एका जागी टणक वाजलं, तिथे इक्बालभाईने प्लाय उचलून बघितला. पट्टीखाली वाळूची मूठभर ढेप राहिली होती. उभ्या हयातीत मी पहिल्यांदा भरीव म्हणून काम नापास केलं.

आय आली, चपला काढल्या, टाच आपटली. "आता बोलते," म्हणाली आणि डबे उघडायला गेली.

दिल्लीचे दोघे आले तेव्हा मी मागे खुर्ची टाकून बसलो. दोघं गंभीर, वहीत काही लिहिणारे. नाच मला किती कळला ते विचारू नका. मी नाच ऐकत होतो. आठ जण एकदम उतरले की खालून धप्प असा जाड, मऊ आवाज यायचा. शेवटाकडे रोमिता एकटी उरली आणि मग बाजूने वैजयंती आली. ती या नाचात नव्हती. निदान आदल्या दिवसापर्यंत नव्हती. ती धावली आणि उडाली. दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले मला दिसले. माझ्या शेजारी आयने पदर तोंडाशी धरला. वैजयंती उतरली, जमीन दबली, आणि ती पुन्हा उडाली.

निवड झाली. काम महोत्सवात गेलं, तिथून आणखी चार शहरांत. रोमिता अजून नाचते. आता दर वर्षी गिरणीत नवे आठ जण येतात. झाकण उघडून टॉर्च मारायचं काम माझ्याकडे आहे. वाळवी अजून तरी नाही.

एका गोष्टीची कल्पना नव्हती. इथे येऊन गेलेले लोक आपापल्या गावी जागा शोधतात आणि जमीन करायला घेतात. वैजयंती त्यांना लाल पेनचं ड्रॉइंग पाठवते आणि खाली माझा नंबर देते. माझं नव्याने शिकलेलं शास्त्र एवढंच आहे: नाचणारा कुरकुरला तर आधी अंगण बघावं. पण हे फोनवर सांगून पटत नाही.

मागच्या महिन्यात भोपाळहून फोन आला. अंकुरने एक जुनं गोडाऊन घेतलंय, त्याचा ठेकेदार बोलत होता. अदबीने बोलला. काम उत्तम चाललंय, ठोकळे बसले, पट्ट्या बसल्या. फक्त खाली अडीच इंच जागा रिकामी राहतेय. लाल पेनने मराठीत काहीतरी लिहिलंय, वाचता येतं, पण अर्थ कुणाला लागत नाही.

"भरून टाकू का, सर? एकदम पक्कं होईल."

"तुमचं वय काय?" मी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"बूट काढा. नुसत्या काँक्रीटवर उभे राहा आणि उडी मारा. मग मला फोन करा."

"सर, मी?"

"तुम्हीच. सुताराला मारायला सांगू नका."

दहा मिनिटांनी फोन वाजला. त्याने नमस्कारही केला नाही.

"सर," तो म्हणाला, "दात वाजले."