तळघरातली गौर

वाटणी झाली त्या दिवशी माझ्या मोठ्या जावेने मला एकच वाक्य ऐकवलं. "खाली काय गं, उन्हाळ्यात गार असतं." हसत हसत म्हणाली, वर माझ्या हातावर पेढाही ठेवला. पेढा मी खाल्ला नाही, पण ते वाक्य पुढे कितीतरी दिवस चघळलं. लोक आशेवर जगतात म्हणे. मी त्या काळात निव्वळ रागावर जगले आणि तब्येत उत्तम होती.

बुवापाड्यात आमचं घर उतारावर आहे. रस्त्यावरून बघाल तर साधं बैठं घर, मागच्या नाल्याकडून बघाल तर एक मजला जास्त. तो जास्तीचा मजला म्हणजे आमचं तळघर. सासऱ्यांनी ते गोडाऊन म्हणून भाड्याने द्यायला काढलं आणि गिलावा न करताच सोडून दिलं. नुसते खांब, उघड्या विटा, खाली खडी. घरातलं सगळं नकोसं तिथे जाऊन पडायचं: मोडका पाळणा, रंगाचे डबे, गंजलेला कूलर. सासरे गेल्यावर वरचं घर मोठ्या भावोजींना मिळालं आणि आम्ही त्या कूलरच्या शेजारी. मोठ्या मुलाचा मान म्हणे. आमचे हे आनंदनगरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, तिथे माणसांवर ओरडतात. भावापुढे मात्र "बरं दादा" यापलीकडे तोंडातून शब्द फुटला नाही.

सासूबाई वरच राहिल्या, आणि गौरीही वर राहिल्या. मला खरं लागलं ते हे. आमच्यात गौरी मोठ्या मानाच्या. वर्षभर एकमेकांचे फोन न उचलणारे चुलते, आत्या, नणंदा त्या दिवशी बदलापूरहून, उल्हासनगरच्या कॅम्पातून, थेट गावाहून येतात. जिच्या घरी गौर, ती घराची बाई, बाकीच्या आल्यागेल्या. वाटणीआधी निदान मी त्या घरात पुरण वाटत होते. वाटणीनंतरच्या पहिल्या गौरीला जावेने मला दारात थांबवून कुंकू लावलं, पाहुणीसारखी माझी ओटी भरली, आणि "बस हं, पहिल्या पंगतीला बस" म्हणाली. ज्या घराची फरशी मी इतकी वर्षं पुसली तिथे मी पाहुणी! तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या पंगतीत बसूनच मी ठरवलं की ही गौर मी खाली आणणार आणि हिला माझ्या उंबऱ्यावर उभं करून हिची ओटी भरणार.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "गौर काय भुयारात बसवायची?" त्यांचंही बरोबर होतं. मग आधी घर.

आम्ही ते घर केलं. खरं तर मी केलं आणि ह्यांनी विटा उचलल्या. आधी ओल मारली. भिंती खरवडून वॉटरप्रूफिंग केलं, नाल्याकडची भिंत फोडून हातभर नाही तर चांगली भिंतभर सरकती खिडकी बसवली. लाद्या घ्यायला उल्हासनगरला कॅम्प पाचला गेलो. दुकानातला सिंधी शेठ म्हणाला, "भाभी, बेसमेंट है तो व्हाइट लो, नहीं तो गुफा लगेगा." मला तेच हवं होतं. जावेच्या घरात चॉकलेटी लाद्या आहेत. माझ्या पांढऱ्या पडल्या की तिच्या आपोआप मळक्या दिसणार होत्या. जिन्याखाली पोती असायची तिथे मुलीचं अभ्यासाचं टेबल आणि वर पुस्तकांचे कप्पे आले. भिंतीला घडीचा पलंग, ओढला की बेडरूम, ढकलला की हॉल. सोफ्याच्या पोटात गाद्या. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. एकेक वस्तू निवडताना मी स्वतःला विचारायचे, ही बघून ताईच्या पोटात दुखेल का? दुखेल असं वाटलं की घ्यायचे. त्यामुळे घर फार सुंदर झालं, हे मान्य करायला हवं.

छताचं काम व्हायचं बाकी होतं आणि वर ठोकाठोक सुरू झाली. जावेने बेडरूमला अटॅच बाथरूम काढलं. बरोब्बर माझ्या बैठकीच्या डोक्यावर. स्लॅबला भोक पाडून तिचा पाइप आणि जाळीखालचा, कचरा अडवणारा ट्रॅप माझ्या सोफ्यावर लटकायला लागला. मी ह्यांना म्हटलं, वर जाऊन बोला. हे म्हणाले, "दादाला नाही कसं म्हणायचं?" मी रडले. दुःखाने नाही, संतापाने. दोन्हीचं पाणी सारखंच खारट.

मग पाइप जोडणारा प्लंबर जाता जाता बोलला की वरचं काही चोकअप झालं तर खालूनच खोलावं लागेल, वरून हात पोचत नाही. माझं रडणं जागच्या जागी थांबलं. पीओपीवाला ते सगळं झाकून सपाट छत करायला निघाला होता. त्याला मी थांबवलं. तिथे एक लहानसं दार कर म्हटलं, आणि त्याला कडी लाव, माझ्या बाजूने. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि ताईचं नाक आता माझ्या बैठकीत होतं.

त्यानंतर मी वाट बघितली. वर पाणी सुटलं की छतात गुळगुळ आवाज व्हायचा आणि मी त्या कडीकडे बघून चहा प्यायचे. माझा सगळा भरवसा तिच्या केसांवर होता. केस दाट, गुडघ्यापर्यंत, आणि त्यांचा गर्व केसांहून लांब. असे केस ट्रॅपमध्ये किती दिवस राहतील आणि पाण्याला वाट देतील? देवावर मी इतका विश्वास कधी ठेवला नाही.

श्रावणात देव पावला. जावेच्या मुलीचं जमत आलं होतं, मुलाकडची माणसं बैठकीला यायची होती. सकाळीच वर धावपळ ऐकू आली, बादल्या आपटल्या, आणि थोड्या वेळाने जाऊ जिना उतरून आली. पहिल्यांदाच. साडी खोचलेली, पाय ओले.

"अगं, प्लंबर आलाय, बोलतो खालून खोलायला लागेल. त्याला पाठवू का?"

"आधी तुम्ही तर या ताई. पाय पुसून या हं, फरशी पांढरी आहे."

तिला मी सोफ्यावर बसवलं. चहा ठेवला. छतातले सगळे दिवे एकेक करून लावले. पलंग ओढून दाखवला, ढकलून दाखवला. ती बघत होती आणि ती बघते आहे हे मी बघत होते.

"ते लोक येतील गं आता. बेडरूममध्ये पाणी भरतंय."

"हो ना, काय एकेक टेन्शन. साखर बरोबर आहे का?"

तिने कप खाली ठेवला. "काय पाहिजे तुला?"

"गौर. या वर्षीपासून खाली बसेल. कायमची."

पुढचं भांडण मी पाठ करून ठेवलं होतं. ती मोठ्या सुनेचा मान काढेल, मग मी हे म्हणेन. ती सासऱ्यांचं नाव घेईल, मग मी ते म्हणेन. पण ती माझ्या ओट्याकडे बघून नुसतं म्हणाली, "बरं. आईंना मी सांगते. तू घर चांगलं केलंयस." मोडली, मला वाटलं. इतकी वर्षं ताठ उभी होती, एका चोकअपने मोडली. मी स्टुलावर चढून स्वतः कडी काढली. प्लंबरने केसांचा बोळा ओढला, खाली धरलेली बादली भरली, थोडं माझ्या लाद्यांवरही सांडलं, आणि ते फिनेलने पुसताना मी गाणं गुणगुणत होते.

सासूबाईंनी मला वर बोलावून घेतलं. "विचार केलास ना? आपल्यात गौर एकदा ज्या घरात बसली तिथून ती उठवत नाहीत. मग ते तिचंच घर." मी म्हटलं, "आई, तेच तर हवंय."

गौरीच्या दिवशी जाऊ स्वतः मुखवट्यांची पेटी घेऊन खाली आली. मी जिन्याच्या पायरीपायरीवर पावलं काढली होती. पाहुणे आत आले की आधी थबकायचे; नणंद तर म्हणाली, "वहिनी, हे काय हॉटेल केलंयस?" दुसऱ्या दिवशी पूजेला जाऊ आली तेव्हा मी तिला उंबऱ्यावर थांबवलं. कुंकू लावलं, सगळ्यांसमोर ओटी भरली आणि सावकाश, एकेक शब्द चवीने, म्हणाले, "बसा ताई, पहिल्या पंगतीला बसा." इतकं गोड वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन.

ती बसली. पोटभर जेवली. पुरणपोळीवर तूप मागून घेतलं.

मग दुसरी पंगत बसली. मग कळलं की गावाहून आलेली मंडळी मुक्कामाला आहेत, सोफ्याच्या पोटातल्या गाद्या पुरणार नाहीत, दोन आत्यांना कांदा-लसूण चालत नाही आणि एका चुलत्याला गोड चालत नाही. सोळा भाज्यांतल्या चार संपल्या. मुलीच्या टेबलावर कोणाचं तरी बाळ झोपलं होतं. पांढऱ्या फरशीवर हळदीची, आमटीची, पायांची नक्षी उठली होती. सकाळपासून माझ्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं, कारण घराच्या बाईने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं असतं. जाऊ विडा खाऊन जिन्याकडे निघाली होती. मी लाटणं हातात घेऊनच धावले.

"ताई, जरा पोळ्या लाटायला हात लावता का?"

"मी पाहुणी ना गं."

टोमणा नव्हता तो. ती खरोखर खुशीत होती. माझ्या गालाला लागलेलं पीठ तिने बोटाने पुसलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून मला गौरीच्या दुपारी एकदा आडवं व्हायचं होतं. आईंना म्हटलं, नणंदांना म्हटलं, कोणी म्हणून गौर घेईना. तू एकटीनेच मागून घेतलीस." आणि ती वर निघून गेली.

तिच्या बेडरूमचं दार लागल्याचं मला खाली ऐकू आलं. मग माझ्या छतावर चार पावलं वाजली, पलंग करकरला आणि सगळं शांत झालं. ओट्याकडून सासूबाईंनी हाक मारली, "अगं, पुरण खाली लागतंय, आणि बदलापूरची माणसं आता आलीत."