तानाबाईची शिंदीची चटई

नामदेवभाऊ गेल्याची बातमी मला मोबाईलवर एका चित्रातून कळली. मालगुजाराच्या पगडीतला त्यांचा फोटो, त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', शेजारी आमच्या नाटक कंपनीच्या निर्मात्याचा हात जोडलेला फोटो आणि अगदी तळाशी, 'यंदाच्या हंगामातील बुकिंगसाठी संपर्क करा'. मी सावली गावच्या बाजारात वांगी निवडत उभी होते. खरं म्हणजे रडू यायला हवं होतं... आली ती शिसारी. माणसाची तिरडी उठायच्या आधी त्याच्या तोंडावर जाहिरात चिकटवणारी ही माणसं, आणि याच माणसांत नामदेवभाऊंनी आयुष्य काढलं. वांगी तिथेच टाकून मी त्यांच्या घरी गेले. पुढचे कितीतरी दिवस ते चित्र मला येतच राहिलं, प्रत्येकाने खाली दोन फुलं जोडून पुढे ढकललेलं.

ज्यांना पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतली नाटकं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली, धान घरात आलं, की आमच्याकडे गावोगावी नाटकं लागतात. नामदेवभाऊ दिग्दर्शक, आणि खलनायकाचं कामही तेच करायचे. मी त्यांच्या कंपनीत नायिकेची माय. त्यांचं ज्या नाटकामुळे नाव झालं ते एका खऱ्या खटल्यावरचं. इंग्रजांच्या काळात आमच्याच भागातल्या एका मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी सकू नावाची ढिवराची, मासेमाऱ्याची पोर कामाला होती. एका उन्हाळ्यात ती गावच्या तलावात मेलेली सापडली. मालगुजाराने काय केलं ते अख्ख्या परगण्याला माहीत होतं. खटला उभा राहिला, बैलगाड्या जुंपून माणसं ऐकायला गेली, आणि कोर्टाने पोरीचा पाय घसरला असं मानून मालगुजाराला सोडून दिलं. त्याने गावात हत्तीवरून साखर वाटली म्हणतात. हत्ती खरा की खोटा कोण जाणे, साखर मात्र खरी असावी. असल्या माणसांना साखर वाटायची हौस फार.

मालगुजाराचं काम नामदेवभाऊ असं करायचे की समोरच्या बाया बोटं मोडायच्या. पण आत आले की पगडी फेकून तांब्याभर पाण्याने चुळा भरायचे. एकदा मी म्हटलं, "भाऊ, पान खाल्लं नाई, तंबाकू खाल्ली नाई, कायले एवढ्या चुळा भरून राह्यले?" तर म्हणाले, "त्याचे शब्द तोंडात राह्यते, शालू. घरी पोरी आहे माह्या." सकूला वाड्यात बोलावण्याच्या प्रसंगाला काही टोळकी शिट्या मारायची. धानोऱ्याकडच्या एका प्रयोगात भाऊ तसेच मालगुजाराच्या वेशात पुढे गेले आणि शिट्या थांबेपर्यंत नुसते उभे राहिले. मला तो थांबलेला प्रयोग त्यांच्या सगळ्या टाळ्यांहून जास्त आठवतो.

पण हाच माणूस एकदा वाकला. ज्या गावात ते घडलं त्याच गावाने नाटक ठरवलं होतं. आमच्याकडे नाटकाचं उद्घाटन गावातल्या मोठ्या माणसाच्या हस्ते करायची रीत आहे. गावच्या मंडळाच्या पोरांनी रीतीप्रमाणे मोठ्या घरी जाऊन नारळ दिला. ते मोठं घर म्हणजे त्याच मालगुजाराचं, उद्घाटक म्हणजे त्याचा नातू. आपण काय करतोय हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! नातू दुपारीच आला, सगळ्यांना चहा पाजला आणि गोड आवाजात म्हणाला, "भाऊ, नाटक करा, आमची ना नाई. फक्त पोरीचं मरन आमच्या आजोबाच्या हातानं नोका दाखवू. पोरीचा पाय घसरला म्हना. कोर्टानं बी तेच म्हटलं होतं." मंडळाची पोरं खाली बघत बसली. भाऊंनी कप खाली ठेवला आणि होकाराची मान हलवली. मला त्या चहाची अजून किळस येते.

आमच्या नाटकांना रंगमंचापुढे जमीन खोदून उतार करतात आणि लोक दुपारपासूनच आपापली चटई, बोरा टाकून जागा धरून ठेवतात. टाकलेली चटई कोणी हलवत नाही. माणूस येवो न येवो, जागा त्याची. त्या दिवशी सगळ्यांत पुढे, मधोमध, एक शिंदीच्या पानांची चटई पडली होती. उद्घाटकाचा सोफा तिथेच ठेवायचा होता, पण मंडळाच्या एकाही पोराचा तिला हात लावायचा धीर झाला नाही. शेवटी सोफा चटईच्या मागे लागला. नाटक सुरू होताना चटईवर एक म्हातारी येऊन बसली. तानाबाई, सकूच्या धाकट्या बहिणीची लेक.

शेवटचा प्रवेश आला. कोतवालाचं काम करणाऱ्याने सांगितलं तसं म्हटलं, "पोरीचा पाय घसरला." मी सकूची माय म्हणून रडायला बसले होते, म्हणून मला नीट दिसलं. तानाबाई उठली. मला वाटलं, जाईल. ती गेली नाही. तिने लुगडं सावरलं, वळली आणि रंगमंचाकडे पाठ करून पुन्हा त्याच चटईवर बसली. आता तिच्या समोर सोफा होता. ती नुसती त्या नातवाच्या तोंडाकडे बघत राहिली. उतारावर बसलेल्या साऱ्या गावाला तिचा चेहरा दिसत होता. नातू शाल नीट करत राहिला, करतच राहिला. पडदा पडेपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.

सकाळी भाऊ मला घेऊन तानाबाईकडे गेले. ती दारात जाळं सांधत होती. वर न बघता म्हणाली, "भाऊ, माह्या मावशीले पोहता येत होतं. उन्हाळ्यातलं गुडघाभर पानी. ढिवराची पोर त्यात बुडते काय?"

"चुकलं माह्यं," भाऊ म्हणाले. मग म्हणाले, "बाई, हे चटई मले देता? जिथं नाटक, तिथं पुढं टाकीन."

"मी काई गावोगाव येनार नाई बसाले."

"रिकामी राहू द्या. मले वरून दिसली पाह्यजे."

त्यानंतर नाटकात मालगुजाराचे हात कधीच धुतले गेले नाहीत. सिरोंच्याला अर्धं पब्लिक तेलुगू बोलणारं, तिथेही चटई पुढे होती आणि रिकामी होती. पाहुणे रागावले, निर्माते बदलले, भाऊंनी शेवट बदलला नाही. तानाबाई गेली त्या वर्षी त्यांनी चटईच्या कडा स्वतः शिवून घेतल्या.

आणि आता ही शोकसभा. 'कलेचे पुजारी', 'झाडीचं भूषण'... ज्यांनी जिवंतपणी त्यांना ताटकळत ठेवलं तेच हे बोलत होते. चिवड्याची प्लेट हातात घेऊन निर्माता माझ्याजवळ आला. "शालूबाई, ते नाटक यंदा आपून नव्यानं काढून राह्यलो. पब्लिकले आता प्रेम पाह्यजे. सकू आन मालगुजाराचं प्रेम, घरचे आड येते, मंग सकू तलावात उडी घेते. तुमचं मायचं काम आहेच." पहिला प्रयोग त्याच गावात. उद्घाटक तोच नातू.

"भाऊच्या फोटोचा हार तरी सुकू द्या," मी म्हटलं.

"तुमी नाई तं दुसरी माय भेटते," तो चिवडा चावत म्हणाला. बरोबरच आहे. दुसरी माय मिळेल, दुसरी सकू मिळेल, पोरीच्या खुनाला प्रेम म्हणून नाचणाऱ्या चार जणीही मिळतील. लोक शिट्या मारतील आणि आता त्या थांबवायला पुढे येऊन उभं राहणारं कोणी नसेल. एका पोरीला इतक्या वेळा मारून यांचं पोट कसं भरत नाही, मला कळत नाही.

मी निघताना भाऊंच्या बायकोने चटई माझ्या हातात दिली. "तुमच्याकडंच ठेवा बाई. इथं कोनी चुलीत घालीन." आता ती माझ्या घरी दाराआड उभी आहे, सुतळीने बांधलेली. उलगडली की अजून शिंदीच्या पानांचा वास येतो.

प्रयोगाच्या दिवशी मी दुपारीच त्या गावी जाणार आहे. सगळ्यांत पुढे, मधोमध चटई टाकीन. सोफा तिच्या मागेच ठेवावा लागेल. पडदा वर जाईल तेव्हा मी रंगमंचाकडे पाठ करून बसलेली असेन.