बद्द वाजणारा वस्तरा

आमच्या ह्यांना गल्लीत नावाने कोणी ओळखत नाही. सगळे ‘पट्टीवाले काका’ म्हणतात, कारण गालावर कुठे ना कुठे चिकटपट्टी असायचीच. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, तिळाएवढा स्क्रू चिमटीत धरून अचूक बसवील. पण दाढी करून बाहेर आला की मांजराशी भांडून आल्यासारखा दिसायचा. का? तर साहेबांना जुन्या इंग्लिश वस्तऱ्यांचा नाद! सगळं जग साध्या रेझरने दाढी करतं, ह्यांच्याच गालांना काय सोनं लागलंय, देव जाणे.

बिस्किटांच्या डब्यात वस्तरेच वस्तरे. कुणाची मूठ शिंगाची, कुणाची हस्तिदंती, कुणाच्या पात्यावर नक्षी. रविवारी जुन्या बाजारातून एखादा यायचा, आधी दगडावर, मग चामड्याच्या पट्ट्यावर धार लागायची, आणि सोमवारी सकाळी रक्त. एकदा हनुवटी अशी कापली की माझं डोकंच फिरलं. लेकीसमोर सांगून टाकलं, आता एकच वस्तरा आणायचा. त्याने एक थेंब जरी रक्त आलं, तर अख्खा डबा भंगारवाल्याच्या गाडीत. हे कबूल झाले, पण तोंड एवढंसं झालं. लेकीला पंच नेमलं.

त्या रविवारी मीही बरोबर गेले. ह्यांची फजिती सुरुवातीपासून बघायची होती, दुसरं काय!

फरशीवर चादर अंथरून विक्रेता बसला होता. ह्यांनी एक वस्तरा उचलला आणि हरखलेच. शिंपल्याची मूठ, पातं आरशासारखं लख्ख. पाठ सरळ आहे, धार कुठे झिजलेली नाही, गंजाचं नाव नाही, असं मला समजावत होते. शेजारी काळ्या मुठीचा एक पडला होता. त्याच्या पाठीवर डाग होते, म्हणून ह्यांनी त्याला हातही लावला नाही.

मी कपबशांच्या कारखान्यात तपासणीला असते. दिवसभर प्रत्येक कपाला टिचकी मारायची आणि कान द्यायचा. चांगला कप टण्ण वाजतो. डोळ्यांना न दिसणारी चीर असली की बद्द वाजतो, तो बाजूला काढायचा. हे भाव करत असताना माझ्या नखाने सवयीने त्या लख्ख पात्याला टिचकी मारली.

बद्द.

पुन्हा मारली. बद्दच. मग काळ्या मुठीचा उचलला. तो असा वाजला की आवाज कानात रेंगाळला.

आता गप्प बसले असते तर काम फत्ते होतं. सोमवारी रक्त, मंगळवारी भंगारवाला, घर मोकळं. पण हे तो वस्तरा हातात घेऊन असे हसत होते की लग्नाच्या फोटोतही तसे हसलेले नाहीत. माझा जीवच होईना. शिवाय चीर गेलेला माल माझ्या हातून पुढे जायचा? छे.

“अहो, हा खाली ठेवा. बद्द वाजतोय.”

“अगं, तो काय कप आहे?”

“चीर ती चीर. कपात असो नाहीतर पोलादात.”

ह्यांनी खिशातून कामाचं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. धारेपासून वर केसाएवढी रेघ गेली होती, पॉलिशमध्ये दडलेली. त्यांनी तो खाली ठेवला आणि काळ्या मुठीचा घेतला. डाग नुसते पाठीवर होते, धार स्वच्छ होती.

सोमवारी न्हाणीघराच्या दाराशी मी आणि लेक. आत पातं एकसारखं चालल्याचा आवाज, मध्ये कुठेही अडकणं नाही. तरी मी दाराला लावलेला कान काढला नाही. हे बाहेर आले, तोंड पांढऱ्या टॉवेलने खसाखसा पुसलं आणि टॉवेल पंचांच्या हातात दिला.

लेकीने तो उजेडात धरला, उलटसुलट केला. “आई, तू हरलीस.”

हरले म्हणे! आनंदाने माझे पाय जमिनीवर नव्हते. ह्यांनी माझा हात धरून आपल्या गालावर फिरवला. काय सांगू, नव्या बशीसारखा गुळगुळीत! मग डबा माझ्यापुढे उघडून ठेवला आणि म्हणाले, “आता हे सगळे वाजव.”

बद्द वाजले ते भंगारवाल्याने नेले. डबा बराच रिकामा झाला, त्यामुळे पुढच्या रविवारी ह्यांच्या आधी मीच चपला घालून दारात उभी होते.