सज्जाची जाळी

बायको गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. लोक म्हणतात, सोडा आता. कसं सोडू?

ऐंशी सालानंतरची गोष्ट. सोपाऱ्याला मुसलमानांच्या जमातीनं हॉल बांधायला घेतला होता. लग्नं, वाचनालय, बायकांचा शिवणाचा वर्ग, सगळं एका जागी. इमारत नव्या पद्धतीची, सरळ सिमेंटची. पण वरच्या सज्जाला आठ कोनी चांदण्यांची जाळी, जुन्या मशिदीत असते तशी. मी गवंडी, जाळीचं काम माझ्याकडं. साच्याला तेल लावणं, माल भरणं, कोपरे काडीनं साफ करणं बायको करायची.

जमातीचे म्हातारे चाचा रोज बघायला यायचे. तिनं त्यांना विचारलं, “चाचा, एवढी भोकं कशाला? पाऊस आत येल.”

“सज्जात बाया बसनार, बाय. त्यांना खालचं सगलं दिसंल, खालच्यांना त्या दिसायच्या नाय.”

“मंग मला बसवा तिथं. आमच्या मिस्त्रीला खाली उभं करा. माझ्या पाठी काय करतात ते बघते.”

चाचा हसले. “उद्घाटनाला ये. पयली जागा तुझी.”

तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. लुगडं कुठलं नेसायचं तेपण ठरलं.

अमावस्येला आम्ही गवंडी हत्याराला हात लावत नाही. त्या वैशाखात आदल्या दिवशी जाळ्या ओतल्या आणि अमावस्या म्हणून सगळे घरी बसलो. दुपारी ती म्हणाली, “पानी कोन घालतंय?”

मी म्हटलं, “आज खाडा.”

“बादली काय हत्यार हाय?” म्हणाली नि उन्हात एकटी चालत गेली. तोवर पाण्यावाचून सुकून बऱ्याच जाळ्यांना चिरा गेल्या होत्या. उरलेल्यांवर तिनं ओली गोणपाटं टाकली. फुटलेल्या परत ओतायच्या म्हणून काम लांबलं. त्यात पावसाळा लागला. उद्घाटन दिवाळीनंतर ढकललं.

पावसाळ्यातच तिच्या पोटात गाठ निघाली. खाटेवरून विचारायची, “जाली बसली काय?” मी म्हणायचो, बसतेय. भादव्यात गेली.

उद्घाटनाला मी जाणार नव्हतो. चाचांनी माणूस पाठवला. मला बघून त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, “बाया आल्या नाय अजून. वर जाऊन ये.”

गेलो. जाळीपाशी बसलो. खाली सगळं दिसत होतं. कोणी सतरंजी ओढत होता, एक जाडा माणूस पंख्याखाली सदरा वर करून वारा घेत होता. ती असती तर एकेकाची टिंगल करत बसली असती. मला कुणाची टिंगल सुचेना. जिन्यावर बायकांचा आवाज आला तसा खाली उतरलो.